श्रीने वाचलेला शेवट

पडद्यावर एक म्हातारा हातभर लांब मासा फळीवर ठेवून साफ करत होता, आणि ज्यांनी जन्मात मासा तोंडात घातला नाही ते वामनराव पतकी माझ्या शेजारी बसून आवंढा गिळत होते.

“बघितलंत? मीठ अजून टाकलं नाही,” ते माझ्या कानाशी कुजबुजले. “रस्सा उकळला की मग टाकणार.”

“तुम्हाला काय कळतंय हो त्यातलं?”

“स्वयंपाक तो स्वयंपाक. वांगं काय आणि मासा काय!”

मागच्या रांगेतून कुणीतरी “श्श” केलं. मी तोंड मिटलं. वामनरावांना त्याचं काय! ते पुन्हा खुर्चीच्या टोकावर सरकून बसले.

मिरजेतल्या आमच्या फिल्म क्लबचा हा रविवार सकाळचा खेळ. वाचनालयाच्या सभागृहात लोखंडी खुर्च्या मांडायच्या, खिडक्यांना काळे पडदे लावायचे आणि कुठल्या तरी वकिलातीकडून पत्र्याच्या डब्यांतून आलेला सिनेमा बघायचा. सिनेमा फ्रेंच असो की पोलिश, खाली ओळी इंग्रजी. त्या वाचता वाचता चित्र निसटतं अशी निम्म्या सभासदांची तक्रार, आणि उरलेल्या निम्म्यांना इंग्रजी येतं हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. म्हणून आमच्यात एक पद्धत पडली होती. प्रोजेक्टरशेजारी माईक घेऊन श्रीधर बसायचा आणि खालच्या ओळी वाचून जागच्या जागी मराठीत बोलायचा. श्रीधर म्हणजे वामनरावांचा एकुलता एक मुलगा. नोकरी विमा कंपनीत, पण जीव नाटकात. म्हातारा, म्हातारी, पोलीस, पाद्री, सगळे आवाज एकटा काढायचा. लोक म्हणायचे, सिनेमा कसाही असो, श्रीधरसाठी यायचं.

वामनराव तर त्याच्याच जिवावर यायचे. रेल्वेत गार्ड म्हणून हयात गेली. गार्ड-ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या रनिंग रूममध्ये आपलं आपण रांधून खाता खाता हाताला अशी चव आली की घरी नलूनेही त्यांच्यापुढे हात टेकले होते. आता मात्र डोळे दगा देत होते. चित्र दिसायचं, अक्षर लागायचं नाही. पडद्यावरचं सारं त्यांना मुलाच्या तोंडून कळायचं.

नलू म्हणजे त्यांची बायको, माझी मैत्रीण. टेलिफोन एक्सचेंजमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसायचो, कानाला हेडफोन लावून अख्ख्या जिल्ह्याची बोलणी जोडून द्यायचो. मी लग्न केलं नाही, तिने केलं, आणि तिचं घर हे माझंही घर झालं. तिला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

चार वर्षांत काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण लपवण्यासारखं काही घडलंच नाही. वामनराव दर रविवारी काहीतरी करून मला जेवायला बोलवायचे. वीस वर्षं ते मला ‘शशीताई’ म्हणत आले होते. एका रविवारी भरल्या वांग्याचं पातेलं उतरवता उतरवता म्हणाले, “शशिकलाबाई, जरा झाकण द्या.” ताईची बाई झाली तेव्हाच मी ओळखलं. पुरुष माणूस आणि काय! सांगायचं एक असतं, मागतो झाकण.

पुढे त्यांनी नीट विचारलंही. रजिस्टर लग्न करायचं, गाजावाजा नाही. श्रीधरची नाशिकला बदली होणार होती. त्याचा हट्ट होता की वडिलांनी त्याच्याबरोबर यावं. वामनरावांना मिरज सोडायची नव्हती, आणि एकटं राहायचं नव्हतं. मी छप्पन्नची, ते त्रेसष्टचे. “लोक हसतील,” मी म्हटलं. “हसू देत,” ते म्हणाले, “हसायला काय पैसे पडतात?” मी म्हटलं, श्री काय म्हणतो ते आधी बघा, मग माझं उत्तर. माझं उत्तर काय असणार ते त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण मी ते तोंडाने दिलं नव्हतं.

त्या सकाळी सभागृहाच्या पायऱ्या चढताना त्यांनी माझा हात धरला. डोळ्यांमुळे धरायचेच, पण त्या दिवशी जरा घट्ट.

“आज सांगतो श्रीला. सिनेमा सुटला की घरीच जेवायचं सगळ्यांनी. खीर वाढली की विषय काढतो.”

“आणि मी काय करू तेव्हा?”

“तुम्ही खीर खायची. खपली गव्हाची केलीय, पहाटे उठून. सिनेमाही असलाच आहे म्हणे. बाप, मुलं, जेवण. श्री म्हणत होता, फार गोड आहे. तेवढाच त्याचा मूड चांगला राहील.”

श्रीधरने सिनेमा आदल्या दिवशीच पाहिला होता. रीळ कुठे तुटलेलं नाही ना, हे बघायला तो नेहमीच पाहायचा.

तर तो सिनेमा. पोर्तुगालमधलं समुद्रकाठचं गाव. म्हातारा बोटीवरचा आचारी, आता निवृत्त. बायको वारलेली. तीन मुलं शहरात, दर रविवारी जेवायला येतात, भांडतात, हसतात, आणि टेबलाशी आईची एक खुर्ची रिकामी ठेवलेली असते. गावात एक पाववाली आहे. ती दर रविवारी गरम पाव घेऊन दारापर्यंत येते, म्हाताऱ्याच्या हातात देते आणि परत जाते. कधी आत येत नाही. म्हातारा कधी ‘ये’ म्हणत नाही. पण ती गेल्यावर तो पाव मोडतो तेव्हा त्याचे हात असे काही दिसतात की अख्ख्या सभागृहाला कळलं, ह्याच्या मनात काय आहे.

मलाही कळलं. वाटलं, साठ माणसं पडदा सोडून माझ्याकडेच बघताहेत. कारण म्हाताऱ्याची बायको जिवंत असतानाही ती पाववाली त्या दारात यायची. सिनेमात तसं दाखवलं होतं. बायको आत आजारी, ही दारात, म्हातारा मध्ये. काही वावगं नाही. नुसता पाव.

आता उघडच सांगते. नलू जिवंत असतानाही मी त्या घरी जायचे ती फक्त नलूसाठी नाही. कुणाचं काही बिघडवलं नाही, नजर वर केली नाही, पण गार्डसाहेबांची ड्यूटी कधी आहे हे मला नलूच्या आधी माहीत असायचं. नलूला हे कळलं होतं की नाही, देव जाणे. तिने कधी चकार शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त टोचायचं. ती गेली तेव्हा मी रडले, मनापासून रडले, आणि त्या रडण्यातही मला माझीच शंका आली होती.

सिनेमा शेवटाला आला. मोठ्या मुलीला बापाचं कळलं आहे. ती बापाशी बोलत नाही, ताटल्या आपटते. वामनरावांचा श्वास मला ऐकू येत होता. रविवार. सगळे टेबलाशी. दारावर थाप पडते. म्हातारा उठायला लागतो, पण मुलगी त्याला हाताने थांबवते आणि स्वतः दाराशी जाते. आपल्याला दिसते फक्त मुलीची पाठ. पाववाली तिच्याआड आहे. मग मुलगी बोलते.

खाली ओळी आल्या. मी वाचल्या. एक्सचेंजमध्ये तीस वर्षं इंग्रजीवरच गेली होती. मुलगी म्हणत होती, ‘पाव दे इकडे. आणि तूही आत ये. खुर्ची रिकामी ठेवून आईचं पोट भरत नाही.’

मी वामनरावांकडे पाहिलं. आणि तेवढ्यात माईकवरून श्रीधरचा आवाज आला. नेहमीचा बायकी आवाज नाही, त्याचा स्वतःचा.

“पाव दे इकडे. पण आत येऊ नकोस. आईची खुर्ची ती आईचीच.”

पडद्यावर दार लागलं. कोण आत, कोण बाहेर, काही दिसलं नाही. समुद्र दिसला, नावं वर सरकू लागली, दिवे लागले. टाळ्या पडल्या. दोन बायका डोळे पुसत होत्या. चुकीच्या कारणासाठी, पण पुसत होत्या.

मी मागे वळून पाहिलं. श्रीधर माईकची वायर गुंडाळत होता. त्याने मान वर केली, थेट माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. चूक झालेल्या माणसाची ती नजर नव्हती.

वामनराव उठले नाहीत. हातातली टोपी फिरवत बसले. “पोरीनं कडक शेवट केला,” एवढंच म्हणाले.

बाहेर पडताना दाराशी डॉक्टर आपटे श्रीधरच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, “शेवटाला घसरलास रे! ती उलटंच म्हणत होती काहीतरी.”

“ओळी भरकन गेल्या डॉक्टर, गडबडलो,” श्रीधर म्हणाला आणि डब्यांकडे वळला.

आम्ही दोघं पुढे निघालो. श्रीधर आणि त्याची बायको वृंदा सामान आवरून मागून येणार होते. ऊन चढलं होतं. वामनराव माझा हात धरून चालत होते, पण पायऱ्या चढताना होता तसा तो हात नव्हता. सतारीच्या दुकानांची गल्ली लागली तेव्हा ते थांबले.

“शशिकलाबाई, डॉक्टर काय म्हणत होते?”

“कशाबद्दल?”

“शेवटाबद्दल. तुम्हाला इंग्रजी येतं. तुम्ही वाचलं असणार. ती पोरगी खरंच तसं म्हणाली?”

एका दुकानात कुणीतरी तारा लावत होतं, तेवढाच आवाज. मला आजही तो प्रश्न ऐकू येतो, कारण आयुष्यात मला कुणी इतक्या सरळपणे काही विचारलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर भर रस्त्यात एका बापाला कळलं असतं की पोटच्या पोराने साठ माणसांदेखत आपल्याला फसवलं, आपल्या अधू डोळ्यांचा फायदा घेतला. जेवणाची पानं वाढायच्या आधी घर दुभंगलं असतं. आणि कुणामुळे? माझ्यामुळे. नलूच्या मुलाला बापासमोर खोटा पाडून मी नलूच्या खुर्चीत बसणार होते?

आणि मनातल्या मनात मला हेही वाटलं की श्री खोटं बोललाच नाही. तो सिनेमातलं नाही, माझ्याबद्दलचं बोलला. त्याने बरोबर ओळखलं होतं की मी त्याच्या आईच्या दारात फार आधीपासून उभी आहे.

“हो,” मी म्हटलं. “तसंच म्हणाली.”

“बरं,” वामनराव म्हणाले. टोपी सारखी करत पुन्हा म्हणाले, “बरं.” आणि आम्ही चालू लागलो.

घरी पानं वाढली. ज्वारीची भाकरी, मेथीची पातळ भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि मधोमध खिरीचं पातेलं. वृंदाने सगळ्यांना खीर वाढली, वर तुपाची धार सोडली. वाफेला वेलदोड्याचा वास. मी पानात बघत होते. आता, मी मनात म्हणत होते. आता बोलतील. बोलावं, असंही वाटत होतं, आणि बोलू नये, असंही. आपण लाथ मारायची आणि दुसऱ्याने ती झेलून परत आपल्यालाच जवळ घ्यावं अशी इच्छा धरायची, असला तो प्रकार.

“श्री,” वामनराव म्हणाले.

श्रीधरचा घास हातातच राहिला.

“बदलीची ऑर्डर आली का रे?”

“येईल, बाबा. पुढच्या महिन्यात.” त्याचा आवाज फाटल्यासारखा आला. दहा जणांचे आवाज काढणारा माणूस, त्याला स्वतःचा सापडेना.

“मी इथेच राहीन. तुम्ही निश्चिंतपणे जा.”

एवढंच. खीर संपली. वामनरावांनी मला आग्रह केला, मी आणखी वाटीभर घेतली. चांगली झाली होती, ती फार चांगली करायचे. निघताना श्रीधर फाटकापर्यंत आला. “मावशी,” म्हणाला आणि उभाच राहिला.

“काय रे?”

“काही नाही. उन्हातून सांभाळून जा.”

त्यानंतर लग्नाचा विषय वामनरावांनी कधीच काढला नाही. मला वाटलं, मुलासाठी सोडून दिला. ह्या माणसाला मुलाचं मन मोडायचं नाही, मग आपण तरी कशाला काढायचा? श्रीधर-वृंदा नाशिकला गेले. मी पुन्हा ‘शशीताई’ झाले. रविवारी जेवायला बोलावणंही बंद झालं. त्याऐवजी डबा यायला लागला, दर रविवारी न चुकता, शेजारच्या रिक्षावाल्याबरोबर. कधी वांगी, कधी कटाची आमटी, सणाला खीर. मी डबा घासून, त्यात पेरू नाहीतर चार लाडू घालून परत पाठवायचे. रस्त्यात भेटलो की तब्येत विचारायची, डोळ्यांचं विचारायचं. फिल्म क्लब श्रीधर गेल्यावर बसलाच. आवाजाशिवाय कोण बघणार?

सहा वर्षांनी एका पहाटे वामनराव झोपेतच गेले. श्रीधर धावत आला, दिवस केले, घर विकायचं ठरवलं. जायच्या आदल्या दुपारी तो माझ्याकडे आला. कानांवरचे केस पिकले होते. मी चहा पुढे ठेवला, त्याने कपाला हात लावला नाही.

“मावशी, तुला एक सांगायचंय. त्या पोर्तुगीज सिनेमाचा शेवट मी बदलला होता.”

“माहीत आहे.”

“तुला माहीत आहे, हे मला तेव्हाच माहीत होतं. बाबांना वाचता येत नव्हतं, तुला येत होतं. तो शेवट मी तुलाच सांगत होतो.” तो खाली बघत होता. “बाबांच्या मनातलं मी ओळखलं होतं, आणि आईला जाऊन चारच वर्षं झाली होती गं. मला सहन होईना.”

“जाऊ दे रे. झालं ते झालं. तुझ्या जागी कुणीही...”

“ऐक ना. मला ती खीर गिळली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना सगळं सांगून टाकलं. पाया पडलो त्यांच्या. म्हटलं, चुकलो. ती पोरगी ‘आत ये’ म्हणाली होती. मावशीला घरी आणा. मी नाशिकला जायच्या आत आणा, मी स्वतः सही करायला येतो.”

मी हातातला कप खाली ठेवला. “दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्याच दिवशी.”

“मग?”

“बाबा रागावतील, मारतील, मला वाटलं. पण म्हणाले, ‘मी तिला वाटेत विचारलं होतं, श्री. ती म्हणाली, हो, पोरगी तसंच म्हणाली.’ मला आधी कळेना, ह्यात काय. तर म्हणाले, ‘तिला खरं ठाऊक होतं. सांगता आलं असतं. मी सरळ विचारलं होतं. तिनं तुझाच शेवट पसंत केला.’”

मी त्याच्या चहावर बशी झाकली.

“मी म्हटलं, पुन्हा विचारा. तर म्हणाले, एकदा नको म्हटलेल्या बाईला पुन्हा विचारून अवघडवायचं नाही. मलाही बजावलं, तिच्याकडे अवाक्षर काढायचं नाही. म्हणून गप्प राहिलो इतकी वर्षं.” त्याने मान वर केली. डोळे भरले होते. “मावशी, खरं सांग. तुला नकोच होतं ना? की माझ्यामुळे...”

चाळिशीला टेकलेला तो माणूस माझ्यासमोर शाळकरी पोरासारखा बसला होता. माझ्या एका शब्दावर त्याचं उरलेलं आयुष्य ठरणार होतं. नलूचा मुलगा. त्याने तरी आपली चूक एका रात्रीत निस्तरली होती. माझी निस्तरायला आता कोण उरलं होतं?

“नकोच होतं रे,” मी म्हटलं. “एकटीची सवय झालेली. म्हातारपणी कुठे तो व्याप?”

त्याने सुस्कारा सोडला. गार झालेला चहा एका दमात प्याला, वाकून नमस्कार केला आणि गेला. पाठमोरा तो कितीतरी हलका दिसत होता. मी दार लावलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. सहा वर्षं दर रविवारी तो माणूस पलीकडच्या गल्लीत रांधत होता, माझा डबा भरून पाठवत होता, आणि हिला आपण नको आहोत असं समजून एकटा जेवायला बसत होता.